मर्चंटची ७१.६४: खरी किती, फुगलेली किती?

जुनाट_बॅट

भारताच्या सार्वकालिक संघाच्या याद्या निघाल्या की सलामीला गावसकरच्या जोडीला हमखास विजय मर्चंट येतो. का? तर प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, ब्रॅडमनच्या ९५.१४ नंतरची. आकडा फेकला की समोरचा गप्प.

माझं मत: मर्चंट ओव्हररेटेड, आणि त्याच काळात, त्याच मैदानांवर खेळलेला विजय हजारे अंडररेटेड. मर्चंट वाईट होता असं म्हणत नाहीये. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर अर्धे प्रतिसाद त्यावरच खर्ची पडतील.

तेव्हाच्या देशी खेळपट्ट्या बघा. १९४८-४९ च्या मोसमात पुण्यात मुंबई-महाराष्ट्र रणजी सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ घोषित, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा! त्याच मोसमात, पुण्यातच, भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या आणि त्यांना जन्मात एकही कसोटी मिळाली नाही. देशी धावांचा भाव निवड समितीलाही ठाऊक होता. मर्चंटची रणजीतली ९८.७५ ची सरासरी याच स्वस्ताईच्या काळातली.

आणि कसोटीत? १० सामने, ८५९ धावा, ४७.७२. दहाही इंग्लंडविरुद्ध. हजारे: ३० सामने, २१९२ धावा, ४७.६५. सरासरी तीच, सामने तिप्पट, आणि समोर ऑस्ट्रेलियाचे तोफखाने लिंडवॉल-मिलर.

शिवाजीपार्क_एंड

दहाच कसोट्या खेळला हा त्याचा गुन्हा का? ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ भारत एकही कसोटी खेळला नाही. त्यातली बरीच वर्षं युद्धाची. मर्चंट तेव्हा २४ चा होता, परत कसोटीच्या मैदानात आला तेव्हा ३४ चा. फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं अशी गेली.

आणि पाटा खेळपट्ट्यांचं म्हणाल, तर १९४६ च्या इंग्लंड दौऱ्याचं काय करायचं? पावसाळी उन्हाळा, उघड्या, भिजलेल्या खेळपट्ट्या, आणि या माणसाने दौऱ्यात २३८५ धावा काढल्या, ७४.५३ ने. त्या काय पुण्याच्या होत्या? ओव्हलला १२८ वर होता आणि कुणाला बाद करता येत नव्हता. शेवटी डेनिस कॉम्प्टनने, जो आर्सेनलकडून फुटबॉलही खेळायचा, चेंडू लाथेने स्टंपांवर मारून त्याला धावबाद केलं.

थर्डमॅन

दहा कसोट्यांवरून ४७ म्हणजे काय हो? विनोद कांबळी १७ कसोट्या, ५४.२०. विश्वनाथ ९१ कसोट्या, ४१.९३. आकड्यांवर जायचं तर विश्वनाथला बाकावर बसवा आणि मद्रासचे ते नाबाद ९७ विसरून जा. १९७५, समोर वेस्ट इंडिजचा अँडी रॉबर्ट्स, संघाच्या सगळ्या मिळून १९०.

सांगलीकर

जुनाटशी शंभर टक्के सहमत. आमच्या गावचा म्हणून नाही (बरं, थोडं म्हणूनही). जानेवारी १९४८ चं ॲडलेडचं धावफलक कुणीतरी काढून वाचाच. ऑस्ट्रेलिया ६७४. आपण ३८१, त्यात हजारेंच्या ११६ आणि फडकरांच्या १२३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात लिंडवॉल ३८ धावांत ७ बळी. मंकड शून्य, अमरनाथ शून्य, किशनचंद शून्य, रांगणेकर, सेन, रंगाचारी शून्य. सहा भोपळे! आणि एका टोकाला हजारे १४५. एकूण २७७. हेल्मेट नाही, छातीला काही नाही.

हे दोन डाव मर्चंटच्या नावावर असते तर मुंबईकरांनी दर जानेवारीला जयंती साजरी केली असती.

शिवाजीपार्क_एंड

आलंच मुंबई-विरोधाचं तुणतुणं. वाटच बघत होतो.

जुना_प्रेक्षक

दोघांना एकमेकांसमोर उभं करायचंच असेल तर १९४३-४४ ची पंचरंगी (धर्मावार संघांची स्पर्धा) बघा, तिथे ते खरोखरच समोरासमोर होते. मर्चंट हिंदूंकडून, हजारे ख्रिस्ती असल्याने 'द रेस्ट' कडून. अंतिम सामना ब्रेबॉर्नवर. मर्चंट नाबाद २५०, हिंदू ५ बाद ५८१. रेस्ट १३३ आणि ३८७. त्या ३८७ मध्ये एकट्या हजारेंच्या ३०९. भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० ची भागी, त्यात विवेकच्या २१. तरी डावाने हरले.

आता प्रश्न धागाकर्त्यांना. खेळपट्टी इतकी मेलेली होती तर रेस्ट १३३ वर कसे कोसळले? "तेव्हा सगळेच धावा काढत" हे सोयीचं वाक्य आहे. सगळे नव्हते काढत. काढणारे मोजके होते.

जुनाट_बॅट

@जुना_प्रेक्षक, मुद्दा चांगला आहे, पण तो हजारेंच्या पारड्यात पडतो. मर्चंटच्या मागेपुढे तगडा हिंदू संघ होता, हजारे एकटे.

दिल्ली, १९५१ घ्या. दोघे एकाच डावात, मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. इंग्लंडने पाठवलेला संघ निगेल हॉवर्डचा, हटन नाही, बेडसर नाही, लेकर नाही. मर्चंटच्या खांद्याला त्याच सामन्यात दुखापत झाली आणि तो थांबला. पुढच्या उन्हाळ्यात लीड्सला आपण शून्यावर ४ बाद होतो, ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता, तेव्हा ५६ कुणी काढल्या? हजारेंनी. कप्तानी करत.

रिव्ह्यू_बाकी

सगळा धागा काळ्यापांढऱ्या फोटोंचा झालाय म्हणून विचारतो. तेव्हा पाय पुढे टाकून फिरकी पॅडवर घेतली की पंच मान हलवायचा. आज तोच चेंडू पडद्यावर मधल्या यष्टीवर आदळताना दिसतो. कोहलीची ४६.८५ या जगातली आहे. मर्चंटच्या ४७.७२ शेजारी ती ठेवताना हे कोण धरतं?

थर्डमॅन

आणि षटकात दोनच बाउन्सर, गुळगुळीत झाकलेली खेळपट्टी, आत ओढलेली सीमेची दोरी, हे तू धरतोस का? हिशोब सुरू केलास तर दोन्ही बाजूंनी कर. समकालीनांशी तुलना कर, बाकी सगळं हवेतलं.

शिवाजीपार्क_एंड

समकालीनांशीच करा. मर्चंट सलामीवीर. नवा चेंडू, ओली खेळपट्टी, समोर इंग्लंडचे ॲलन, व्होस, नंतर बेडसर. हजारे येईपर्यंत अर्धं काम झालेलं असायचं.

सांगलीकर

अर्धं काम? शून्यावर ४ बाद म्हणजे अर्धं काम?? 😂

जुनाट_बॅट

सलामीचाच मुद्दा असेल तर यादीत गावसकरबरोबर सेहवाग लिहा. ८५८६ धावा, ४९.३४, आणि सगळ्या देशांविरुद्ध.

शिवाजीपार्क_एंड

बर्मिंगहॅम २०११. दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद. मला १९४६ चा मर्चंट द्या, ३४ वर्षांचा, कुरकुरत्या तब्येतीसकट.

रिव्ह्यू_बाकी

बर्मिंगहॅमला खांदा दुखावलेला असताना खेळला होता सेहवाग. आणि नॉटिंगहॅम २००२ चे १०६ बरे विसरलात.