मदत हवी: महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये पायांचे सिग्नल पडले तर कारण कसं ओळखायचं?

शहापूर_भूल (बेळगाव)
छाती-पोटाच्या महाधमनीचा फुगवटा, क्रॉफर्ड टाइप 2 (छातीच्या वरच्या भागापासून पोटात मूत्रपिंडांच्या खालपर्यंत). लेफ्ट हार्ट बायपासवर (हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त पंपाने क्लॅम्पच्या खाली पोचवणं) ऑपरेशन ठरलंय, पंपाची कॅन्युला (नळी) डाव्या फिमोरलमध्ये, म्हणजे मांडीच्या धमनीत. एमईपी (मेंदूला झटका देऊन स्नायूंत मोजायचा हालचालीचा सिग्नल), एसएसईपी (हातापायाच्या नसेला झटका देऊन मेंदूकडे मोजायचा संवेदनेचा सिग्नल) दोन्ही लावणार, तंत्रज्ञ बाहेरून येतील. महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लागल्यावर पायांचा एमईपी पडला, तर तो भुलेमुळे, कॅन्युलाच्या पायात रक्त कमी पडल्यामुळे की मज्जारज्जूमुळे, हे टेबलावर पटकन कसं वेगळं करायचं? आणि सेवो (सेवोफ्लुरेन, हुंगायची भूल) पूर्ण बंद ठेवायचा का?

मलप्रभाकाठ
सेवो बंदच ठेवा. प्रोपोफॉल आणि फेंटानिल किंवा रेमिफेंटानिलचं इन्फ्यूजन, तेही एका दरावर. रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) फक्त श्वासनलिकेत नळी घालताना. क्लॅम्पच्या आसपास प्रोपोफॉलचा बोलस (एकदम मोठा डोस) कुणी दिला, तर एमईपी खाली येतो आणि सगळे नको तिथे कारण शोधत बसतात. दाढांमध्ये दोन्ही बाजूंना मऊ बाइट ब्लॉक हवाच. एमईपीच्या झटक्याने जबडा आवळला जातो, जीभ फाटते.

सिग्नल पडला की आधी हात बघा. हात-पाय सगळेच पडले तर भूल, तापमान, रक्तदाब किंवा वायर. फक्त डावा पाय पडला आणि उजवा जसाच्या तसा असेल, तर संशय कॅन्युलावर. हा बदल हळूहळू येतो. एसएसईपीत गुडघ्यामागचं इलेक्ट्रोड लावून घ्या: तिथलाच सिग्नल गेला असेल तर अडचण पायात आहे. गुडघ्यामागचा शाबूत, हात शाबूत आणि दोन्ही पायांचा एमईपी काही मिनिटांत गेला, तर मज्जारज्जू धरून चाला.

यात एक फसवी जागा आहे. वरचा क्लॅम्प डाव्या कॅरोटिड (मानेची धमनी) आणि सबक्लेव्हियनच्या (हाताची धमनी) मधे बसला तर डाव्या हाताचा रक्तपुरवठाही कमी होतो. तुलनेसाठी डावाच हात धरला असेल तर हात-पाय दोन्ही पडलेले दिसतात आणि दोष भुलेवर जातो. म्हणून तुलना उजव्या हाताशी, आर्टेरियल लाइनही (धमनीतला दाब मोजणारी नळी) उजव्या रेडियलला, म्हणजे मनगटाला. दुसरी लाइन उजव्या फिमोरलला, म्हणजे क्लॅम्पच्या खालचा दाब कळतो. तो 60च्या वर ठेवायला परफ्यूजनिस्टला (पंप चालवणाऱ्याला) आधीच सांगून ठेवा.

एसएसईपी चांगला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो मागच्या स्तंभांचा हिशेब देतो. क्लॅम्पमध्ये उपाशी पडतो तो पुढचा भाग, हालचालीचा, आणि त्याची खबर एमईपी देतो. एसएसईपीची उंची निम्म्याने घटेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

शहापूर_भूल (बेळगाव)
मज्जारज्जूच आहे असं ठरलं, तर पुढे काय?

मलप्रभाकाठ
सर्जनला मोठ्याने सांगा, आणि त्याच वेळी सरासरी दाब नॉरॲड्रेनालिनने 90च्या वर न्या. बायपासचा फ्लो वाढवा. हिमोग्लोबिन 10च्या खाली असेल तर रक्त द्या. मणक्यात घातलेल्या ड्रेनमधून (बारीक नळीतून) मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून त्याचा दाब 10 मिमी पाऱ्यावर आणा. मज्जारज्जूला मिळणारा दाब म्हणजे सरासरी दाबातून हा दाब वजा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी काम करायचं. एवढं करूनही सिग्नल परतला नाही तर सर्जनने इंटरकोस्टल (बरगड्यांमधल्या) धमन्या पुन्हा जोडायच्या, सहसा टी8 ते एल1 मणक्यांच्या पातळीवरच्या मोठ्या. क्लॅम्पच्या वरचा दाब उतरवायची वेळ आली तरी नायट्रोप्रुसाइड नको: रक्तदाब घसरतो आणि मणक्यातल्या पाण्याचा दाब चढतो.

निपाणी_ओटी
ड्रेनबद्दल. त्याच्या ट्रान्सड्यूसरला (दाब मोजणाऱ्या यंत्राला) प्रेशर बॅग (दाबाखालची सलाइनची पिशवी) कधीही जोडू नका, फ्लश दाबला गेला तर सलाइन थेट मणक्यात जाईल. ताशी 10 ते 15 मिलीपेक्षा जास्त काढू नका. भराभर काढलं तर मेंदूभोवतीच्या शिरा ताणून सबड्यूरल रक्तस्राव होतो. टेबल वर-खाली केलं की ट्रान्सड्यूसरचा झीरो पुन्हा लावा. पाणी लाल दिसलं तर ड्रेन बंद, डोक्याचा सीटी.

शहापूर_भूल (बेळगाव)
ऑपरेशननंतर सिग्नल चांगले असतील तर मॉनिटरिंग थांबवायचं का?

खानापूर_आयसीयू
वायरी काढा, लक्ष काढू नका. उशिरा येणारा लकवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतो, बहुतेक वेळा दाब पडल्यावर: डायलिसिस, रक्तस्राव, एपिड्यूरलचा डोस. जाग येताच दोन्ही पाय हलवून बघा, मग पहिले 48 तास दर तासाला. टाच गादीवरून सुटेल एवढा पाय उचलता येतो का हे बघा. नुसतं बोट हललं की चार्टवर ‘ठीक’ लिहितात, तिथे फसगत होते. आपल्याकडे रात्रपाळीची सिस्टर कानडी बोलणारी आणि पेशंट मराठी, असं सर्रास असतं. पायांच्या दोन आज्ञा आदल्या दिवशीच पेशंटला त्याच्या बोलीत शिकवा आणि दोन्ही भाषांत चार्टवर लिहून चिकटवा. नाहीतर ‘आज्ञा पाळत नाही’ एवढीच नोंद होते आणि ताकद गेली की शब्द कळला नाही, हे सकाळपर्यंत समजत नाही. ताकद कमी वाटली तर एमआरआयची वाट न बघता आधी दाब वाढवा, ड्रेन उघडा. ड्रेन काढण्याआधी प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि हेपारिनच्या शेवटच्या डोसची वेळ बघा.