'फेरफार', 'संपादन' की 'संस्करण'? वृत्तछायाचित्राच्या नियमासाठी नेमका शब्द

प्रश्न

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या छायाचित्र स्पर्धेची नियमावली मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. स्पर्धेत 'कलात्मक छायाचित्र' आणि 'वृत्तछायाचित्र' असे दोन विभाग असून दुसऱ्या विभागासाठी मी 'छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नसावा' असे वाक्य योजले होते. एका परीक्षकांच्या मते 'फेरफार' हा शब्द आरोपासारखा वाटतो आणि त्याऐवजी 'संपादन' लिहावे. मला ते पटत नाही, कारण अनेक छायाचित्रांतून एक निवडणे किंवा त्याची कड कापणे हेही संपादनच आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

'संपादन' नको, हे आपले म्हणणे योग्य आहे. 'फेरफार' मात्र मुळात आरोपवाचक शब्द नाही. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्यात जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदल क्रमांकासह नोंदला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास ती ऐकली जाते आणि मगच सातबाऱ्यावर तो बदल चढतो. तिथे हा शब्द उच्चारताना कोणी भुवया उंचावत नाही. छायाचित्राच्या संदर्भात त्याला दूषण चिकटले, ते तिथला बदल बहुधा नोंद न करता केला जातो म्हणून.

आपल्या नियमाची किल्ली मला 'वृत्त' या शब्दात दिसते. संस्कृतात 'वृत्त' म्हणजे घडलेले. त्यामुळे जे दृश्य कॅमेऱ्यासमोर घडलेच नाही, त्याला वृत्तछायाचित्र म्हणता येत नाही, मग त्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खरा का असेना. २००३ मध्ये इराकमधील बसरा शहराजवळ वृत्तछायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही क्षणांच्या अंतराने टिपलेली दोन छायाचित्रे जोडून एक केले. सैनिक खरा होता, समोरचा जमावही खरा होता. पण त्या दोघांचा जो क्षण 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये छापून आला, तो कधी घडला नव्हता. त्यांची नोकरी गेली. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसणारा सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसून टाकल्याबद्दल असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये छायाचित्रकार नार्सिसो काँत्रेरास यांच्याशी संबंध तोडले. बातमीचा आशय त्याने बदलला नव्हता, म्हणून ही शिक्षा कठोर वाटू शकते. मला ती रास्त वाटते, कारण क्षुल्लक वस्तू कोणती हे एकदा छायाचित्रकाराने ठरवायचे म्हटले की वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

कलात्मक विभागाला हे बंधन लावण्याचे कारण नाही. १८५७ मध्येच ऑस्कर रेयलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठे रूपकचित्र तयार केले होते, आणि आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून चेहरे उजळ केले जात. दिवे घाटातून चढणाऱ्या पालखीच्या छायाचित्रातील विजेच्या तारा पुसून ते बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लावले, तर तो कलावंताचा अधिकार आहे. तेच छायाचित्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात पहिल्या पानावर आले, तर तो फेरफार होय.

तेव्हा उजेड, रंग आणि कड यांच्या मर्यादित दुरुस्तीला 'संस्करण' आणि दृश्यातील वस्तू वा व्यक्ती वाढवण्या-घटवण्याला 'फेरफार' म्हणावे, असे सुचवतो.

आक्षेप

ही विभागणी सुटसुटीत असली तरी पुरेशी नाही. जून १९९४ मध्ये 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापताना त्यांचा चेहरा अधिक काळा केला. त्यात काही वाढवले नव्हते, काही पुसले नव्हते. मुख्यतः छटा बदलली होती. वरील व्याख्येप्रमाणे हे 'संस्करण' ठरेल. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र तसा बदल न करता छापल्यामुळे दोन्ही अंक शेजारी ठेवताच फरक उघड झाला आणि कृष्णवर्णीय आरोपीला अधिक भयावह दाखवल्याची टीका झाली. आतल्या पानावर त्या चित्राला 'फोटो-इलस्ट्रेशन' म्हटले होते, पण मुखपृष्ठ पाहणाऱ्याला ते कसे कळावे? शिवाय कड कापतानाही लाठी उगारणारा हात राहू देऊन समोरचा दगड बाहेर ठेवता येतो. म्हणून कृतीपेक्षा परिणामावरून शब्द ठरवावा.

पुन्हा प्रतिसाद

आक्षेप महत्त्वाचा आहे, पण केवळ परिणाम पाहायचा तर काँत्रेरास यांचा कॅमेरा निसटतो. नियमात दोन्ही कसोट्या घालाव्यात: 'दृश्यातील कोणताही घटक वाढवलेला, काढलेला वा हलवलेला नसावा, तसेच उजेड, रंग किंवा कड यांचे संस्करण घडलेल्या प्रसंगाचा अर्थ बदलणारे नसावे. यांपैकी काहीही आढळल्यास तो फेरफार मानला जाईल.' शंका आल्यास कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागवण्याचा परीक्षकांचा अधिकारही लिहून ठेवावा.

प्रश्नकर्ता

हा मसुदा स्वीकारतो. प्रसंग मुद्दाम पुन्हा करायला लावून टिपलेल्या छायाचित्रासाठी 'घडवून आणलेले' हे साधे विशेषण वापरून वेगळे कलम जोडत आहे, कारण तिथे चित्राला हात न लावताही 'वृत्त' उरत नाही. कलात्मक विभागात 'फेरफार' शब्द येणार नाही. तिथे 'अनेक छायाचित्रे जोडली असल्यास प्रवेशपत्रात नमूद करावे' एवढेच लिहितो.