आई गेल्यापासून अभंग म्हणताना आवाज फुटत नाही. गाण्याने मन मोकळे होऊ शकते का?

कृष्णाकाठची (सांगलीवाडी)

नमस्कार. माझे वय ५३ आहे. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर ती सव्वातीन वर्षे अंथरुणावर होती आणि त्या काळात तिचे सगळे मीच केले. रोज दिवेलागणीला तिच्या खाटेच्या कडेला बसून मी दोन-तीन अभंग म्हणत असे. तिचे बोलणे जवळजवळ गेले होते, परंतु धृपद आले की ती माझ्याबरोबर ओठ हलवीत असे आणि कधी कधी एखादा शब्द अगदी स्पष्ट उमटत असे. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. दहावे, तेरावे, येणारे-जाणारे, बँकेची कागदपत्रे या सगळ्यात मी एकदाही रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे.

तेव्हापासून अभंग म्हणायला बसले की दुसऱ्या ओळीलाच घशात आवंढा येतो आणि आवाज बंद होतो. एरवी बोलताना काही त्रास नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने स्वरयंत्र तपासले आणि काहीही दोष नसल्याचे सांगितले. मैत्रिणीच्या आग्रहावरून एका गायनवर्गात नाव घातले, तर पहिल्याच आठवड्यात अलंकार (स्वरांचे पलटे) सुरू झाले आणि 'प्रारंभिक' या गाण्याच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म हातात आला. माझा स्वर उतरला म्हणून सर्वांसमोर थांबविण्यात आले, आणि त्या क्षणी मला शाळा आठवली. समूहगीताच्या वेळी एका बाईंनी मला रांगेत मागे उभे करून सांगितले होते, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर मी त्या वर्गाला गेले नाही.

मला गायिका व्हायचे नाही आणि कोणाला ऐकवायचेही नाही. जे आत अडकून राहिले आहे ते आवाजावाटे बाहेर पडू शकते का, आणि पडत असेल तर सुरुवात कशी करावी, एवढेच विचारायचे आहे.

खर्ज (मिरज)

ताई, मी तीस वर्षे गाणे शिकवतो, म्हणून आधी त्या वर्गाबद्दल बोलतो. आपण तेथून उठून आलात हे योग्यच केलेत. परीक्षांना मी नावे ठेवणार नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्या परंपरेतून अभ्यासक्रम व परीक्षा उभ्या राहिल्या, म्हणून तर गाणे सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचले. परंतु ती वाट स्वर घडविण्याची आहे. आपल्याला आज स्वर घडवायचा नाही, तो सोडवायचा आहे. ही दोन कामे एकाच वर्गात, एकाच वेळी होत नाहीत, हे आमच्यातील अनेक शिक्षकांच्या ध्यानात येत नाही.

पहिले दोन महिने अभंग म्हणू नका. तो अभंग आता आईच्या खाटेशी बांधलेला आहे, त्यामुळे त्याच्या शब्दांपाशी गेल्यावर घसा आवळणारच. शब्दच नकोत. पहाटे किंवा निजण्यापूर्वी, ओठ मिटून, आपल्याला जो सर्वांत खालचा स्वर सहज लागतो त्यावर नुसता हुंकार धरा. स्त्रियांची पट्टी साधारण काळी चार किंवा पाच असते, परंतु आपण पेटी शोधूही नका. बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज जेथे येऊन टेकतो, तोच आपला आजचा षड्ज, म्हणजे 'सा'. आम्ही याला खर्जाचा रियाज म्हणतो. एक हात छातीवर ठेवा आणि कंप कोठे जाणवतो तेवढेच पाहा. श्वास संपला की थांबा, पुढचा आपोआप येऊ द्या. दहा मिनिटे पुरेत.

शक्य असल्यास एकदा मिरजेला या. सतारमेकर गल्लीत कोणत्याही कारागिराच्या दुकानात तंबोरा मांडीवर घेऊन बसता येते. तारा छेडून भोपळ्याला छाती टेकवली की आपला हुंकार आणि तंबोऱ्याचा नाद एकमेकांत मिसळतात आणि आपण गातो आहोत की नुसते ऐकतो आहोत हे कळेनासे होते. तारेखाली घोडीवर रेशमाचा किंवा सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला की मिटलेली तार एकदम उघडून गाऊ लागते. त्याला जवारी लावणे म्हणतात. कारागीर तार ओढूनताणून जवारी काढत नाही. धागा हलवतो, ऐकतो, पुन्हा हलवतो. आपल्याही गळ्याशी असेच हलक्या हाताने वागा.

वाचा (सांगली)

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. वर तपासणीचा उल्लेख आहे हे बरे झाले, कारण आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर गाण्याचे प्रयोग करण्याआधी स्वरयंत्राची तपासणी झालीच पाहिजे.

आपल्या आईंच्या बाबतीत जे घडत होते ते मी मुद्दाम सांगते. मेंदूच्या डाव्या भागात झटका आल्यावर ज्यांची वाणी जाते, त्यांतील काहींना बोलता येत नाही, पण ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणता येते, कारण चाल आणि लय यांच्या कामात मेंदूचा उजवा भागही मोठा वाटा उचलतो. याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये बोस्टनमधील तज्ज्ञांनी सुरांच्या आधाराने वाक्ये पुन्हा शिकविण्याची एक पद्धत मांडली आणि ती आजही वापरली जाते. आपण रोज संध्याकाळी खाटेशी बसून जे करीत होतात, ते नकळत उपचाराच्या फार जवळचे होते. आईंना शेवटपर्यंत शब्द सापडत राहिले, त्यात आपल्या आवाजाचा हात होता.

आता आवंढ्याविषयी. स्वरयंत्राच्या स्नायूंना चालना देणारे मज्जातंतू व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूच्या शाखा आहेत, आणि हाच तंतू हृदयाची गती मंद करण्याचे कामही करतो. डाव्या बाजूची शाखा तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. 'छातीतून गळ्यापर्यंत भरून आले' असे आपण म्हणतो, तेव्हा शरीररचना त्या बोलण्यापासून फार दूर नसते. रडू दाबले की घशाचे स्नायू ताठ होतात आणि श्वास उथळ होतो. उलट, लांब उच्छ्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, आणि एक स्वर धरून ठेवणे म्हणजे लांबविलेला उच्छ्वासच असतो. खर्जसरांनी सांगितलेल्या हुंकारामागे हे कारण आहे.

गाण्याने दुःख बरे होते असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ मातांचा दहा आठवड्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही मातांना बाळासह एकत्र गाण्याच्या बैठका दिल्या, काहींना खेळाच्या, तर काहींना नेहमीची देखभाल. कालांतराने सर्वच गटांत उतार पडला, परंतु ज्यांची लक्षणे तीव्र होती त्यांच्यात गाणाऱ्या गटाला तो लवकर पडला. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की चारचौघींबरोबर गाणे हा चांगला आधार आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र गाण्याबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडेही गेले पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

माणदेशी (दहिवडी, जि. सातारा)

ताई, आपला प्रश्न वाचल्यापासून माझ्या आजीचे जाते डोळ्यांपुढून हलत नाही.

ती पहाटे चारला उठून दळायला बसे. घरात सगळे निजलेले, कंदील खाली केलेला, आणि तिचे तोंड भिंतीकडे. उजवा पाय पसरलेला, डावा दुमडलेला, खुंट्यावर एक हात, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीची मूठ. दगडाची घरघर सुरू झाली की तिचा आवाज त्या घरघरीत शिरे. तिचा आवाज गोड नव्हता, घोगरा होता. भावाने सणाला न्यायला यायचे टाळले ते, पाळण्यातच गेलेले लेकरू, सासूचा एखादा शब्द, हे सगळे ती ओवीत घालून जात्याला सांगे. दिवसभरात यांपैकी एक अक्षर तिच्या तोंडून कधी निघाले नाही. पीठ भरून उठली की चेहरा धुतल्यासारखा दिसे. मी गोधडीतून ऐकत असे, हे तिला माहीत होते असे आता वाटते. पण मी ऐकतो आहे असे तिने कधी दाखवले नाही आणि मीही दाखवले नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रणे आज कोणालाही ऐकता येतात. जरूर ऐका. त्यांत अनेक बायांचे आवाज कापरे आहेत, मध्येच श्वास तुटतो, स्वर खाली घसरतो, आणि तरी ती ओवी पूर्ण होते. त्यांना कोणी थांबवले नव्हते. जात्याच्या आवाजाने दोन गोष्टी साधत: हाताला लय मिळे आणि गाणारीच्या आवाजावर पांघरूण पडे. गिरण्या आल्या, अंगमेहनत वाचली, ते चांगलेच झाले. परंतु बाईला दिवसातून तासभर स्वतःशी गायची जी हक्काची जागा होती, तीही त्याबरोबर गेली, आणि तिच्या बदल्यात आपण काही दिले नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी बाया हेल काढून रडत. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन, त्याने काय केले, काय खाल्ले, कोणते लुगडे आणले हे सांगत सांगत. शिकलेल्या घरांतून त्याला गावंढळपणा ठरवून बंद केले. जी रडत नाही ती धीराची, असे आपण म्हणू लागलो. आपल्याला धीराची म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण आपल्या घशातला आवंढा मला तेथेच बसलेला दिसतो.

म्हणून माझे सांगणे असे: आपल्याला जात्यासारखी जागा शोधावी लागेल. हाताला काम असावे, भोवती एखादा सारखा चालणारा आवाज असावा आणि तोंड कोणाकडे नसावे. मिक्सरची घरघर, धुण्याचा नळ, काहीही चालेल. खर्जसर शब्द नकोत म्हणतात ते पहिल्या काही दिवसांपुरते मान्य. पण नंतर आपलेच शब्द घाला. आईला काय भरवले, शेवटच्या रात्री काय झाले, तेच गा. ओवीची चाल आपल्या सगळ्यांच्या कानात असतेच; ती दोन दिवसांत सापडेल.

पडद्यामागे (सांगली)

माणदेशी यांच्या लिहिण्याला जोडून एक सांगतो. मी नाटकात काम करतो, आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला त्या गावात आवाजाची चर्चा नेहमी पल्लेदारपणाची आणि स्पष्टतेचीच होते. त्यामुळे आल्फ्रेड वोल्फसोन या जर्मन शिक्षकाबद्दल प्रथम वाचले तेव्हा मी हादरलो होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत तडफडणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या त्याच्या कानातून युद्धानंतरही जाईनात. शेवटी त्याने स्वतःच्या गळ्यातून तसे आवाज काढून पाहिले आणि त्यातून तो सावरत गेला. पुढे बर्लिनमध्ये आणि नंतर लंडनमध्ये तो १९६२ मध्ये वारला तोपर्यंत हेच शिकवीत राहिला: सुंदर आवाजाइतकाच फाटका, चिरका, घोगरा आवाजही माणसाचाच आहे. त्याचा शिष्य रॉय हार्ट याच्या नाटकमंडळीने ते काम पुढे नेले.

मात्र घरी बसून किंचाळण्याचा प्रयोग कोणी करू नये. जोराने ओरडल्यावर आवाज बसलेले नट मी पुष्कळ पाहिले आहेत. फाटका आवाज हळू काढला तरी तो फाटकाच असतो आणि काम करतो.

अजिंक्यतारा (सातारा)

मी थोडेच लिहितो. पत्नी गेल्यानंतर मी एका शिबिरात गेलो होतो, जेथे गाण्यातून सर्वांना रडायला लावत आणि जो रडत नाही तो 'बंद' आहे असे सांगत. मी रडलो, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचे आठ दिवस मला अंथरुणातून उठता आले नाही. ताई, आपल्याला रडवण्याची घाई असलेल्या माणसाकडे जाऊ नका. मला पुढे आधार मिळाला तो आमच्या पेठेतील भजनी मंडळात. तेथे मी सहा महिने फक्त टाळ धरला. कोणी विचारले नाही. एकादशीला एकदा धृपदात आवाज मिसळला गेला, तेव्हा शेजारच्यांनी मानसुद्धा वळवली नाही, आणि ते मला फार बरे वाटले.

कृष्णाकाठची (सांगलीवाडी)

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. आईच्या ओठांविषयी वाचाताईंनी लिहिलेले मी भावाला वाचून दाखवले. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

हुंकार रोज करते. पहिले चार-पाच दिवस तोही तुटत होता. आता एका श्वासात पंधरा आकड्यांपर्यंत जातो. काल दुपारी धुणे धूत असताना नळ मोठा सोडला आणि आईला पेज कशी भरवायचे ते ओवीच्या चालीवर म्हणू लागले. चमचा, रुमाल, तिची मान उजवीकडे कलायची ते. चौथ्या ओळीला रडू आले, आवाज चिरकला, पण या वेळी बंद पडला नाही. रडता रडता पाचवी ओळ झाली. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून पाहिले आणि काही न विचारता आत गेल्या. बादली केव्हाच भरून वाहत होती.

अभंग अजून म्हटलेला नाही. येत्या एकादशीला इथल्या देवळात टाळ धरायला जाणार आहे.