कपाटातले पिस्तूल आणि माजघरातली बंदूक: आमच्या कौटुंबिक ग्रुपवरील चर्चा

(नानाकाकांच्या आग्रहामुळे आमच्या ग्रुपवर सगळे पूर्ण वाक्यांत लिहितात. ज्यांना तो जाच वाटतो ते फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात.)

वहिनी (डॅलस): सर्वांना नमस्कार. शनिवारी आमचा मुलगा वर्गमित्राच्या घरी रात्रीच्या मुक्कामाला जाणार आहे. मित्राच्या आईला मी संदेश पाठवून विचारले आहे की तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असल्यास ती कुलपात असते का. उत्तर अजून आलेले नाही. मी विचारायला नको होते, असे इथे घरात एका व्यक्तीचे ठाम मत पडले आहे, म्हणून हा विषय ग्रुपवर आणते.

दादा (डॅलस): ती व्यक्ती मीच. अमेरिकेत दहांतले सुमारे चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात आणि टेक्सासमध्ये तर हे अगदी अंगवळणी पडलेले आहे, त्यामुळे ज्यांच्याशी आपली ओळख केवळ फुटबॉलच्या मैदानापुरती आहे त्यांना एकदम असा प्रश्न विचारला तर आपण त्यांच्यावर संशय घेतो आहोत असा त्यांचा ग्रह होऊ शकतो, एवढेच माझे म्हणणे होते. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी मलाही आहेच.

नानाकाका (कुडाळ): सूनबाईंनी विचारले ते योग्यच केले. मात्र मला मुळातच कळत नाही की असा प्रश्न विचारण्याची पाळी त्या देशात का यावी. 13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, तेव्हा ब्रिटनने पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे गेली, आणि तेथील उजव्या विचारांच्या सरकारने झटपट गोळ्या झाडणाऱ्या रायफली बंद करून सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. अमेरिकेत 14 डिसेंबर 2012 रोजी न्यूटाऊनच्या सँडी हुक शाळेत सहा-सात वर्षांची वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर त्या देशाने काय केले, हे मला कोणी सांगावे.

ताई (एडिसन, न्यू जर्सी): बाबा, देशपातळीवर जवळजवळ काहीच केले नाही. एप्रिल 2013 मध्ये बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी अधिक व्यापकपणे तपासण्याचा एक मवाळ प्रस्ताव सिनेटसमोर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहासमोर, आला. त्याला चौपन्न मते पडली आणि हवी होती साठ. देशाचा पहिला मोठा कायदा त्यानंतर थेट जून 2022 मध्ये झाला, तोही युवाल्डे या गावातली शाळा गोळीबारात रक्ताने भिजल्यावर, आणि त्यात एकवीस वर्षांखालील ग्राहकांची अधिक कसून तपासणी करण्यापलीकडे बंदुकांबाबत फारसे काही नव्हते.

तुम्ही म्हणता तशी बंदी का घालता येत नाही, त्याचे कारण केवळ राजकारण्यांचा भित्रेपणा नाही, जरी तो भरपूर आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये लावला, आणि 2022 मध्ये तो हक्क घराबाहेरही नेला. शिवाय सामान्य नागरिकांच्या हातात आजच सुमारे चाळीस कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. उद्या दुकाने बंद केली तरी त्या कपाटांतच राहतील. म्हणून बंदी हवी की नको या वादात मी हल्ली वेळ घालवत नाही. माझे लक्ष त्या कपाटांवर आहे.

धाकटा (पुणे): पण ताई, खरे मूळ मानसिक आजार आणि हिंसक व्हिडिओ गेम हे नाही का? गोळीबार झाला की तिथले पुढारी तरी हेच सांगतात.

ताई: व्हिडिओ गेम जपानमधली मुलेही खेळतात आणि नैराश्य जगभर आहे. बाकी तुझ्या प्रश्नात थोडे तथ्य आहे, त्याचे उत्तर सविस्तर देते, कारण शाळेत समुपदेशक म्हणून माझा तोच रोजचा विषय आहे.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने, 2008 ते 2017 या काळातील शाळांमधील एकेचाळीस हल्ल्यांचा अभ्यास करून 2019 मध्ये अहवाल दिला. हल्लेखोराचा अमुक एक साचा नसतो, असे त्यांना आढळले; पहिल्या बाकावर बसणारी मुलेही त्यांत होती आणि एकलकोंडीही. मात्र बहुतेकांनी आपला बेत आधी कोणाला ना कोणाला सांगितलेला होता, आणि ज्यांनी बंदूक वापरली त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ती आपल्याच घरातून किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून मिळाली होती. अनेक ठिकाणी ती कुलपात नव्हती, किंवा कुलपाची किल्ली मुलाला ठाऊक होती.

मिशिगनमधील ऑक्सफर्डचे प्रकरण घ्या. नोव्हेंबर 2021 मध्ये वडिलांनी दुकानातून पिस्तूल आणले, आणि चारच दिवसांनी पंधरा वर्षांच्या मुलाने ते दप्तरातून शाळेत नेऊन चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. त्याच सकाळी त्याने गणिताच्या कागदावर बंदूक आणि रक्तबंबाळ माणूस काढलेला शिक्षिकेने पाहिला होता. आईवडिलांना बोलावून घेण्यात आले. त्यांनी मुलाला घरी नेले नाही, घरात पिस्तूल आहे हे शाळेला सांगितले नाही, आणि दप्तर कोणीच उघडून पाहिले नाही. त्या बैठकीत माझ्यासारख्याच कामाची माणसे बसली होती, आणि तो भाग वाचताना मला दर वेळी थांबावे लागते. 2024 मध्ये आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना अशा मृत्यूंबद्दल दोषी धरण्याची ती अमेरिकेतील पहिलीच वेळ.

दादा: ऑक्सफर्डच्या आईवडिलांची बाजू कोणीही घेणार नाही. पण प्रत्येक घरातले कुलूप सरकार तपासू शकत नाही, म्हणून शाळेच्या दारावर पहारा हवा, हे टेक्सासचे म्हणणे मला पटते. 2023 च्या कायद्याप्रमाणे इथे प्रत्येक शाळेत एक सशस्त्र रक्षक असणे बंधनकारक आहे.

वहिनी: युवाल्डे टेक्सासमध्येच आहे. 24 मे 2022 रोजी त्या शाळेत तीनशे शहात्तर पोलीस आणि अधिकारी गोळा झाले होते, तरी वर्गाचे दार उघडून आत शिरायला त्यांना सत्याहत्तर मिनिटे लागली. आतली मुले फोनवरून पोलिसांना बोलावत होती. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेतही 2018 मध्ये सशस्त्र रक्षक होता. तो इमारतीबाहेर उभा राहिला आणि आत सतरा जण मारले गेले.

दादा: आणि मार्च 2023 मध्ये नॅशव्हिलच्या शाळेत पोलीस क्षणभरही न थांबता आत घुसले आणि पहिल्या फोननंतर साधारण चौदा मिनिटांत त्यांनी हल्लेखोराला ठार केले, तेही सांगायला हवे. जॉर्जियातील अपालाची शाळेत सप्टेंबर 2024 मध्ये शिक्षकांच्या गळ्यातील ओळखपत्रांवर धोक्याचे बटण होते, शाळेतले रक्षक लगेच धावले आणि मुलगा शरण आला. रक्षक निरुपयोगी असतात, असे सरसकट म्हणता येणार नाही.

ताई: दादा, ते मान्य. आमच्या शाळेतही रक्षक आहे आणि तो असावा असे मलाही वाटते. पण नॅशव्हिलमध्ये त्या चौदा मिनिटांच्या आत तीन मुले आणि तीन मोठी माणसे गेली होती, आणि अपालाचीत दोन विद्यार्थी व दोन शिक्षक. रक्षकाचे काम पहिली गोळी सुटल्यावर सुरू होते. अपालाचीच्या चौदा वर्षांच्या मुलाकडे पोलीस वर्षभर आधीच इंटरनेटवरील धमक्यांबद्दल चौकशी करून गेले होते, आणि तपासात पुढे आले की त्यानंतरच्या नाताळात वडिलांनीच त्याला रायफल भेट दिली.

आत्या (पुणे): मला 2007 च्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची आठवण होते, कारण तिथे गेलेल्या बत्तीस जणांत मुंबईची एक मुलगी होती आणि आमच्या बँकेत कितीतरी दिवस तोच विषय चालला होता. त्या हल्लेखोराला न्यायालयाने आधीच स्वतःच्या जिवाला धोकादायक ठरवले होते, पण ते नाव बंदूक विकताना तपासतात त्या यादीत पोचलेच नाही आणि त्याला तपासणी पार करून दोन पिस्तुले मिळाली. कारकुनी ढिलाईने माणसे मरतात, हे मी नोकरीतल्या अनुभवानेही सांगू शकते. असो. दादा, आता एक सरळ विचारते. परवा फोनवर सूनबाई बोलता बोलता थांबली. तुमच्या घरात पिस्तूल आहे का?

दादा: आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. भारतीयांच्या घरात सोने असते हे चोरांना पक्के ठाऊक झाले आहे. आमच्या वस्तीत दोन घरे फुटली, त्यांतले एक भर दिवसा. त्यानंतर घेतले. दुकानात अर्ज भरला, तिथल्या तिथे तपासणी झाली आणि तासाभरात घरी आलो. परवाना किंवा नोंदणी इथे लागत नाही.

नानाकाका: तासाभरात! आमच्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायलाही इतक्या कमी वेळात कोणी हात लावत नाही. चोराच्या भीतीने घरात मृत्यू आणून ठेवण्याचे हे शहाणपण आपल्या घराण्यात कोठून आले, हे मला समजत नाही.

दादा: नाना, रागावू नका, पण आपल्या माजघरात खुंटीला काय टांगलेले असते?

नानाकाका: ती शेती संरक्षणाची बंदूक आहे आणि तिची तुलना तुझ्या पिस्तुलाशी करणे अयोग्य आहे. रानडुकरे एका रात्रीत भाताचा कुणगा उलटापालटा करतात आणि माकडे नारळ ठेवत नाहीत. त्या बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला, पोलिसांनी गावात येऊन चौकशी केली, मुदत संपली की नूतनीकरणासाठी खेटे घालावे लागतात, काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून निकालानंतर परत आणावी लागते. माझ्या पश्चात तुमच्यापैकी कोणाला ती हवी असेल, तर त्याला नव्याने परवाना मागावा लागेल. अमेरिकेत यातले निम्मे जरी असते, तरी आज ही चर्चा करावी लागली नसती.

ताई: बाबा, परवान्याबाबत तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. न्यू जर्सीत पिस्तूल घेण्यापूर्वी पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो. टेक्सासमध्ये लागत नाही, आणि हा फरक मोठा आहे. पण परवाना हे माणसाला दिलेले प्रमाणपत्र आहे. बंदूक खुंटीवर आहे आणि काडतुसे खालच्या फडताळात, हे मे महिन्यात येणाऱ्या प्रत्येक नातवंडाला ठाऊक आहे. डिसेंबर 2007 मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या दोघांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, तेव्हा पिस्तूल एका मुलाच्या वडिलांचेच होते. आपल्याकडे अशा घटना क्वचित घडतात याचे कारण घराघरांत बंदुका नाहीत हे आहे. जिथे आहेत तिथे आपण फार सावध असतो, असे मला दिसलेले नाही.

धाकटा: मग ताई, एखाद्या मुलाने बेत बोलून दाखवला तर प्रत्यक्षात काय करतात? त्याला शाळेतून काढून टाकतात?

ताई: काढून टाकणे हा अनेकदा सर्वांत वाईट उपाय ठरतो, कारण मग मूल दिवसभर घरी, कोणाच्या नजरेखाली नसलेले, आणि मनात आधीच राग असलेले. न्यू जर्सीत 2022 च्या कायद्यानुसार प्रत्येक शाळा-जिल्ह्यात (म्हणजे एका भागातल्या शाळांच्या एकत्रित प्रशासनात) एक पथक असते, ज्यात समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ, शिक्षक, प्रशासक आणि सुरक्षेचे काम पाहणारी व्यक्ती एकत्र बसतात. एखादे विधान कानावर आले की ते रागाच्या भरातले आहे की त्यामागे तयारी आहे, घरात शस्त्र आहे का, मुलाचा विश्वास कोणावर आहे, हे पाहतात. अनेकदा त्या मुलाला छळणारी दुसरी मुले सापडतात आणि काम तिथे सुरू करावे लागते. बातमी बहुधा मुलांकडूनच येते, म्हणून नाव न सांगता कळवण्याची सोय ठेवली आहे. चुगली आणि सूचना यांतला फरक सातवीच्या मुलांना समजावणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत चिवट काम आहे.

अर्थात ऐकणारा हवा. पार्कलँडच्या हल्लेखोराबद्दल एका परिचित बाईंनी जानेवारी 2018 मध्ये एफबीआयला, म्हणजे केंद्रीय तपास यंत्रणेला, फोन करून सारे सांगितले होते, आणि ती माहिती त्यांच्याच मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचवली गेली नाही. त्यानंतर फ्लोरिडाने, बंदुकांवरील निर्बंधांना सहसा विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे सरकार असताना, रायफल घेण्याचे वय अठरावरून एकवीस केले आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद केली. टेक्सासमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत.

दादा: न्यायालयाने एकाच बाजूचे ऐकून शस्त्र जप्त करणे मला धोक्याचे वाटते, आणि त्यावर माझे मत बदललेले नाही. कुलपाबाबत मात्र वाद नाही. टेक्सासमध्येही सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजी ठेवणे गुन्हा आहे. माझे पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत असते.

ताई: गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का? ठसा चालला नाही तर उघडण्यासाठी किल्ली किंवा आकडे असतीलच. ते कोठे आहेत? आणि हे मी केवळ शाळेतल्या गोळीबाराच्या भीतीने विचारत नाही. 2020 पासून अमेरिकेतील एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक आहे, मोटार अपघात मागे पडले आहेत. त्यांतले फार थोडे मृत्यू शाळेत होतात. बाकीच्यांत आत्महत्या आहेत, आणि लहान भावाला खेळणे वाटलेले पिस्तूलही आहे. एकच कुलूप या सगळ्यांच्या आड येते.

आत्या: नाना, तू पण उत्तर दे. मेमध्ये मी नातीला घेऊन येणार आहे.

नानाकाका: काडतुसे उद्या लोखंडी पेटीत जातील आणि किल्ली माझ्या जानव्याला. बंदुकीसाठी सुताराला कपाट सांगतो. तथापि अमेरिकेने बंदी घालावी, हे माझे मत कायम आहे आणि कोणाच्याही युक्तिवादाने ते तसूभरही हललेले नाही.

वहिनी: मित्राच्या आईचे उत्तर आत्ताच आले. त्यांच्याकडे तीन बंदुका आहेत, तिन्ही गॅरेजमधील मोठ्या तिजोरीत असतात, आणि आकडे फक्त त्या पती-पत्नींनाच ठाऊक आहेत. विचारल्याबद्दल त्यांनी आभार मानले आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचा मुलगा आपल्याकडे राहायला येणार आहे, म्हणून त्यांनी तोच प्रश्न मला उलट विचारला आहे. दादांनी ताईंच्या किल्लीच्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही. ते मिळाले की मी मित्राच्या आईला कळवते.