६ लाख रुपये: बारा संस्थांना ५०-५० हजार, की एकाच संस्थेला सगळे?

नदीकाठ (धागाकर्ता)
वर्षाला ६ लाख वाटणारा एखादा शहरी ट्रस्ट धरा. पैसा फक्त मूलभूत गरजांसाठी: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा किराणा, गोळ्या-औषधे, गॅसची टाकी, थकलेले वीजबिल. माझे मत, बारा वस्त्यांतल्या बारा छोट्या संस्थांना प्रत्येकी ५० हजार द्यावेत.

५० हजार म्हणजे थोडे नाहीत. तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहा पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, मीठ, हळद-तिखट, साबण. एवढे ठोक भावाने साधारण ८०० रुपयांत बसते. दहा जणांना सहा महिने म्हणजे ६० किट, ४८ हजार. उरलेले पिशव्या आणि रिक्षाला. कोणाचा मुलगा पैसे पाठवतो आणि कोणाचा नुसताच ‘पाठवतो’ म्हणतो, हे वस्तीतल्या संस्थेलाच ठाऊक असते.

अटी कमीत कमी हव्यात. दोन पानी मराठी अर्ज, तीन आठवड्यांत निर्णय, मेअखेर एकरकमी पैसे. मार्चमध्ये नको. जून ते सप्टेंबर बिगारी काम बंद पडते, खरी ओढाताण तेव्हाच असते. दिवाळीत एकाच आजीकडे चार ठिकाणचे फराळाचे डबे येतात आणि जुलैत कोणी फिरकत नाही.

हिशेबनीस
असहमत. बारा जणांना द्यायचे म्हणजे चाळीस अर्ज वाचायचे. पुढे बारा पावत्या, बारा विनियोग दाखले (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचे), बारा पाठपुरावे. घेणाऱ्या संस्थेचा तर आणखी जीव जातो: वेगळे खाते लिहा, सीएचा दाखला आणा (काही हजार तिथेच गेले), फोटो पाठवा. असे पाच देणगीदार झाले की सचिव वर्षभर अहवालच लिहीत बसतो.

वर करातला मुद्दा आहेच. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च धरला जातो. म्हणजे ६ लाखांतले ९० हजार खर्चात मोजलेच जाणार नाहीत. त्यापेक्षा एक बरी संस्था निवडा, तीन वर्षांचा शब्द द्या, वर्षातून एकदा जाऊन वह्या बघा.

खमंग_भाजणी
८५ टक्क्यांचा बागुलबुवा नको. उत्पन्न ६ लाख आणि सगळेच्या सगळे वाटले, तर ५ लाख १० हजार खर्च धरला जातो. तो उत्पन्नाच्या नेमका ८५ टक्के, आणि ट्रस्टला करमाफीसाठी खर्चाची अट तेवढीच आहे. कर शून्य. घोळ होतो तो १५ टक्के मागे ठेवून उरलेले वाटणाऱ्यांचा. ५ लाख १० हजार दिले, धरले गेले ४ लाख ३३ हजार ५००, तूट ७६ हजार ५००. तेव्हा मागे ठेवू नका, किंवा थेट खर्च करा.

गल्लीबोळ
थेट खर्चाचेच सांगायला आलो होतो. संस्थेला पैसे न देता किराणा दुकानदाराच्या खात्यावर भरा, बिल ट्रस्टच्या नावावर घ्या, वाटप वस्तीतल्या महिला मंडळाने करावे. हा ट्रस्टचा स्वतःचा खर्च, पूर्ण धरला जातो. मंडळाकडे १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) नसले तरी चालते, आणि अशी मंडळेच जास्त आहेत. पण रोख देऊ नका: एका दिवशी एकाला १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. ट्रस्टच्या फाइलीत लाभार्थ्यांची यादी हवी, सहीसह.

माल बदलण्याचा धोका मात्र आहे. पहिल्या महिन्यात डाळ चांगली येते, तिसऱ्यात फुटकी. उपाय साधा: दर ठरवतानाच पाव किलोचा नमुना पुडीत बांधून त्यावर दुकानदाराची सही घ्यायची आणि दर खेपेला तो शेजारी ठेवून बघायचे.

हिशेबनीस
हे पटले. पण मग मंडळाच्या हाती काय उरले? हमाली! रिक्षा, फोन, वाटणाऱ्या बाईचा अर्धा दिवस कोण देणार?

नदीकाठ
म्हणूनच थेट खरेदी सरसकट नको. बरेच देणगीदार ‘प्रशासकीय खर्च ५ टक्केच, कायदा आहे’ असे ठोकून देतात. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआरची (कायद्याने करायच्या सामाजिक खर्चाची), आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागत नाही. आपल्यासारख्या ट्रस्टला तर नाहीच नाही. १० ते १५ टक्के वाटपखर्च उघडपणे मंजूर करावा, नाहीतर तो डाळीच्या बिलात लपतो.

चावडीवरचा
तुम्ही सगळे किटवर भांडताय. किट हे शेवटचे पाऊल आहे. आधी रेशनकार्ड बघा. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मोफत आहे. तेव्हा कार्ड चालू असलेल्या घरी गहू-तांदूळ देणे म्हणजे देणगी वाया. (नदीकाठ यांच्या यादीत धान्य नाही, ते बरोबरच आहे.) पण खूप म्हाताऱ्यांचे कार्ड अडते, कारण बोटांचे ठसे झिजलेले आणि ई-केवायसी राहिलेली. डोळे स्कॅन करणारे ई-पॉस यंत्र (ओळख पटवून धान्याची नोंद करणारे) असलेल्या रेशन दुकानात नेले तर त्यातली बरीच कामे मार्गी लागतात.

दुसरे, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या सरकारी मदतीच्या योजना. महिना दीड हजार, वर्षाचे १८ हजार. तुमचे ८०० चे किट वर्षभर दिले तरी ९,६०० होतात. म्हणजे एका बाईचे एक प्रकरण मंजूर झाले की जवळजवळ दोन वर्षांच्या किटांचे काम झाले, तेही दरवर्षी. अर्ज अडतात ते ठरावीक जागी: २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला मिळत नाही, वयाचा पुरावा नसतो, बँक खाते आधारला जोडलेले नसते. मंजुरीनंतर हयातीचा दाखला चुकला की पैसे थांबतात, आणि कोणी कळवत नाही. ५० हजारांत या धावपळीला माणूस मिळत नाही, म्हणून मी मोठ्या रकमेच्या बाजूने.

खमंग_भाजणी
+१. पण दाखला हातात पडेपर्यंत बाई खाणार काय? प्रकरण समितीपुढे जाऊन मंजूर व्हायला महिने लागतात. किट त्या मधल्या काळासाठीच असावे, आणि मंजुरी आली की बंद.

नदीकाठ
मग अशी वाटणी बघा: आठ संस्थांना ६०-६० हजार, म्हणजे ४ लाख ८० हजार. राहिलेल्या १ लाख २० हजारांत आठही वस्त्यांसाठी कार्ड, निराधार आणि बँकेची कामे करणारा एकच माणूस. किट फक्त ज्यांचा अर्ज चालू आहे त्यांना, जास्तीत जास्त सहा महिने.

हिशेबनीस
महिन्याला १० हजार. यात अर्धवेळच माणूस मिळेल, आणि आठ वस्त्या दोन तहसील कार्यालयांखाली येत असतील तर त्याचा निम्मा वेळ रांगेत जाईल. चार वस्त्यांपासून सुरुवात करा, त्याही एकाच तहसीलमधल्या.

चावडीवरचा
आणि माणूस बाईच असू द्या. निराधारच्या यादीत विधवा आणि परित्यक्ता भरपूर असतात, घरातली अडचण अशा बायका पुरुषापुढे सांगत नाहीत.

नदीकाठ
चार वस्त्यांवर आलो तर किटांचे २ लाख ४० हजार मोकळे होतात. ते औषधांना वळवावेत, की पुढच्या वर्षासाठी ठेवून खमंग_भाजणी म्हणतात त्या तुटीत अडकावे?

खमंग_भाजणी
ठेवू नका. औषधवाल्याचे मासिक उधार खाते उघडा आणि ट्रस्टकडून थेट भरा. बीपी-शुगरच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त पडतात, फक्त चिठ्ठी डॉक्टरची आणि सहा महिन्यांच्या आतली हवी.