भाद्रपदात परसबाग ओसंडते, तरी भाजीचा खर्च का उतरत नाही?

परसदार_बाळकुम

सर्वांना नमस्कार. आम्ही ठाण्यात बाळकुमच्या गावठाणात, सासऱ्यांनी बांधलेल्या कौलारू घरात राहतो. घरामागे जेमतेम एक गुंठा मोकळी जागा आहे आणि तिच्या कोपऱ्यात जुनी विहीर आहे. उन्हाळ्यात तिचे पाणी मचूळ होते, पण पाऊस लागला की पुन्हा गोडे होते. यजमानांची नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली, तेव्हापासून जमेल ते घरी पिकवायचे आणि विकतचे शक्य तितके टाळायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

या वर्षी जूनच्या पहिल्या पावसावर दोडक्याचे सहा, पडवळाचे चार आणि दुधीचे दोन वेल लावले, भेंडीच्या दोन ओळी टोकल्या, काकडी मांडवावर चढवली. अळू आणि लाल भोपळा तर आपसूकच वाढले. गौरी गेल्या त्या आठवड्यात एकट्या दोडक्यांचेच वजन नऊ किलो भरले. शेजारी वाटली, नणंदेकडे पाठवली, तरीही काही जून होऊन वाया गेली. असे असूनही महिन्याचा भाजीचा खर्च तीन हजारांवरून फक्त तेवीसशेपर्यंत उतरला आहे, आणि एवढ्या कष्टांनंतर हा आकडा पाहून मन खट्टू होते.

दुसरी अडचण अशी की पडवळ आणि दोडकी बोटाएवढी झाली की त्यांतली बरीच एका बाजूला वाकतात, पिवळी पडून गळतात आणि कापली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. गळलेली फळे मी नेमाने खताच्या खड्ड्यात टाकते. पुढच्या वर्षी बियाणे विकत घ्यावे लागू नये म्हणून प्रत्येक वेलावरची पहिली दोन मोठी फळे राखून ठेवली आहेत. आमचे नेमके कुठे चुकते आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वाफा_आणि_वही (नेरूळ)

ताई, नमस्कार. तुमची मेहनत तुमच्या पत्रातूनच दिसते. आमच्या घरामागे तुमच्या पाव हिश्शाएवढीही जागा नाही, पण गेली सात वर्षे मी बागेची आणि बाजाराची वही शेजारी शेजारी ठेवतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

पहिल्या वर्षी माझीही हीच गत झाली होती. तेव्हा सौ. म्हणाली की बाग ढिगाने देते आणि स्वयंपाकघर चिमटीने खर्च करते, तर दोघांचा मेळ बसणार कसा? त्या रात्री आम्ही तीन महिन्यांची बाजाराची यादी काढून बसलो. दोडकी आणि दुधी आम्ही एरवीही आठवड्यातून एकदाच आणत होतो, त्यामुळे ती घरी कितीही पिकली तरी वाचणारा पैसा तेवढाच होता. खरा पैसा जात होता तो कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लिंबू, कढीपत्ता, टोमॅटो आणि पालेभाज्यांवर, म्हणजे रोज दहा-वीस रुपयांनी जाणाऱ्या आणि म्हणून लक्षातच न येणाऱ्या जिनसांवर. तुम्ही सहाऐवजी दोडक्याचे दोनच वेल ठेवा, तेही तीन आठवड्यांच्या अंतराने लावा, आणि मोकळी झालेली जागा या रोजच्या जिनसांना द्या, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी आत्ताचीच वेळ योग्य आहे. कोकणच्या पावसात टोमॅटोचे रोप कुजते. वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपे आता आडोशाला तयार करून ऑक्टोबरमध्ये पाऊस निघून गेल्यावर वाफ्यात लावली, तर ती हिवाळाभर चालतात. कोथिंबिरीसाठी किराणा दुकानातले साधे धणे घ्यावेत, लाटण्याने हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात आणि दर दहा दिवसांनी फक्त हातभर जागेत पेराव्यात, म्हणजे ती एकदम तयार होऊन फुलावर जात नाही. मेथीही घरातल्याच दाण्यांची पेरावी. वाळूमिश्रित मातीत दाट पेरलेली मेथी दोन-अडीच आठवड्यांत कोवळी उपटता येते, बाजारात जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी ती हीच.

बियाण्याविषयी मात्र मला तुम्हाला थांबवावेसे वाटते. वेलावर एखादे फळ पिकू लागले की वेलाची ताकद बी भरण्याकडे वळते आणि नवी फळे धरणे मंदावते. म्हणून एकच निरोगी वेल बियाण्यासाठी ठरवावा आणि त्यावरची फळे हंगामाच्या उत्तरार्धात राखावीत. बाकी सर्व वेलांवरचे दोडके शिरा कडक होण्याआधीच काढावेत, खायला नको असले तरीही काढावेत. राखलेला दोडका वेलावरच वाळू द्यावा. तो हलवल्यावर आत बी खुळखुळले की टोक मोडून बी झटकून घ्यावे आणि चाळलेल्या कोरड्या राखेत घालून झाकणाच्या बरणीत ठेवावे.

शिवाय आमच्याकडे पावसात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते, त्यात वाफ्यातले खत धुऊन जाते. आता प्रत्येक वेलाच्या बुंध्याशी दोन ओंजळी कुजलेले शेणखत घातले तर उरलेल्या महिन्यात फरक पडेल. पहिल्या वर्षी मी एका नर्सरीतून पिशवीबंद मातीवर दोन हजार चारशे रुपये घालवले होते. तुमच्याकडे जमीन आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

खाडीकाठ_ऐरोली

ताई, अळ्यांचे कारण फळमाशी आहे आणि तिला तुम्ही नकळत घरातच पोसत आहात. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, फळ गळते आणि मग त्या अळ्या बाहेर पडून मातीत कोषात जातात. गळलेले फळ खताच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे पुढच्या पिढीला मऊ माती देणे होय. अशी फळे रोज वेचावीत, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी काही दिवस उन्हात ठेवावी, किंवा ऊन नसेल तर झाकलेल्या बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवावीत. मांडवाखालची माती अधूनमधून उकरून उघडी करावी.

क्यू ल्यूर या गंधद्रव्याचा कामगंध सापळा कृषी सेवा केंद्रात फार महाग मिळत नाही. तो नर माश्यांना ओढून घेतो. पण एका गुंठ्यात शेजारच्या बागांतून माश्या येतच राहतात, म्हणून केवळ सापळ्यावर विसंबू नये. माझा भरवसा पिशवीवर आहे. जुन्या सुती साडीच्या वीतभर रुंद आणि दोन हात लांब नळीसारख्या पिशव्या आईने शिवून दिल्या आहेत. पडवळ फूल गळून करंगळीएवढे झाले की ते पिशवीत सरकवायचे, वर देठाशी सैल गाठ मारायची आणि खाली सुतळीला एक छोटा दगड बांधायचा, म्हणजे पडवळ वेटोळे न घालता सरळ खाली उतरते. वर्तमानपत्राचा कागद पावसात भिजून फळाला चिकटतो, त्यामुळे तो या दिवसांत उपयोगाचा नाही. दोडक्याला आणि दुधीला हीच पिशवी चालते, मात्र मादी फुलात परागण होऊन फळ धरल्यानंतरच ती घालावी.

आजोळ_कोपरी

बाळ, सर्वांनी तुला पिकवण्याविषयी सांगितले, मी मुरवण्याविषयी सांगते.

ऋषिपंचमीची भाजी तू करतेसच. ती वर्षातून एकदाच कशाला करायची? बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हा त्या दिवसाचा नेम. म्हणूनच परसातले अळू, लाल माठ, भेंडी, शिराळे, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, अंबाडे असे सगळे मूठमूठभर एका पातेल्यात येते. आमच्याकडे भाद्रपद-अश्विनात दर आठवड्याला तशी भाजी होते. कशाचाही ढीग लागत नाही आणि तेलही नावापुरते पुरते. शिराळ्याच्या साली टाकू नकोस, त्या तिळाबरोबर परतून चटणी कर. जून काकडी, म्हणजे आमचे तवसे, किसून तांदळाच्या रव्यात गूळ घालून तवसाळी कर. जून झालेल्या घोसाळ्याची जाळी भांडी घासायला ठेव.

वाळवण मात्र आत्ता करू नकोस, या दमट हवेत बुरशी धरते. पाऊस गेल्यापासून दिवाळीपर्यंत जे ऑक्टोबरचे ऊन तापते ते आपले. गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी काढून वाळव, कारल्याच्या काचऱ्या कर, जाड मिरच्यांना चीर देऊन दही, मीठ, मेथी आणि हिंग भरून सांडगी मिरच्या कर. लाल भोपळा चिरूच नकोस. साल नखाला दाद देईनाशी झाली की वीतभर देठ ठेवून काढ आणि कोरड्या फळीवर एकमेकांना न लागता ठेव, म्हणजे तो काही महिने टिकतो. सुरणाची पाने पिवळी पडून आडवी झाल्याशिवाय खणायला घेऊ नकोस.

एक गोष्ट काटकसरीपायी कधीही करायची नाही. दुधी चिरल्यावर आधी तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर सबंध दुधी फेकून दे, दोन रुपये वाचवायला तो रस किंवा भाजी कुणाच्या पोटात जाऊ देऊ नकोस. कडू दुधीने माणसे दवाखान्यात गेलेली आहेत.

परसदार_बाळकुम

आजी, काका, दादा, मनापासून आभार. काल रात्री यजमानांबरोबर बसून मागच्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या जुळवल्या. कोथिंबीर, मिरची, लिंबू आणि टोमॅटो मिळून सहाशे ऐंशी रुपये निघाले आणि दोडक्यांच्या नावे एक रुपयाही नव्हता. आज सकाळी चार वेलांवरची राखलेली फळे काढली, विहिरीजवळच्या एकाच वेलाला लाल चिंधी बांधून तो बियाण्यासाठी ठेवला. खड्ड्यातली वरची गळकी फळे काठीने उचलून पिशवीत भरली, त्यांतल्या तीन-चार फळांतून अळ्या टुणकन उडी मारून बाहेर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. सासूबाईंच्या दोन जुन्या साड्या पिशव्यांसाठी फाडून ठेवल्या आहेत. फक्त एक विचारायचे आहे: खड्ड्यातले जे खत अर्धे तयार झाले आहे, ते ऑक्टोबरच्या उन्हात पातळ पसरून वाळवले तर टोमॅटोच्या वाफ्यात घालता येईल का, की त्यात कोष राहण्याची भीती आहे?

खाडीकाठ_ऐरोली

ताई, वाळवून घालता येईल. मात्र ते चार बोटांपेक्षा जाड पसरू नका, रोज एकदा खालीवर करा आणि पसरण्याची जागा वेलांच्या मांडवापासून लांब ठेवा. उकरलेले कोष साळुंक्या आणि मुंग्या वेचून नेतात, त्यांना हाकलू नका.