मंजूर पदांवरून जागा काढताना

सरकारी खात्याच्या मुख्यालयाला किती जागा लागेल, हे काढताना कुणी मंजूर पदांना प्रत्येकी १० चौरस मीटरने गुणतं. सुरुवात म्हणून ठीक. पण कंत्राटी कर्मचारी, प्रतिनियुक्तीवर आलेले, महिनोन्‌महिने ठाण मांडून बसणारं लेखापरीक्षण पथक यांना मंजूर पदांच्या तक्त्यात रकानाच नसतो. खुर्च्या मात्र लागतातच. शिवाय जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं यांचं क्षेत्र वेगळं धरा.

खरी गोम अभिलेख कक्षात आहे. रुळांवर सरकणारी कॉम्पॅक्टर कपाटं फायलींनी गच्च भरली की साध्या कार्यालयाच्या हिशेबाने केलेल्या स्लॅबला तो भार झेपत नाही. ती तळमजल्यावर न्या, नाहीतर तो मजला आराखड्यातच जड भारासाठी धरायला सांगा. (तळघर सुचवणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार केलेला दिसत नाही.) १९४१ साली पेंटागॉनचं, म्हणजे अमेरिकेच्या युद्ध खात्याच्या मुख्यालयाचं काम सुरू झालं तेव्हा युद्धानंतर तिथे अभिलेखागार करायचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा विचार होता, म्हणून मजले मुद्दाम भक्कम केले. अभिलेखागार काही झालं नाही, खातंच वाढत गेलं.

केबिन मात्र हलक्या पार्टिशनच्याच ठेवा. पदोन्नत्या झाल्या की कुणाची केबिन केवढी यावरून भिंती हलवाव्या लागणारच आहेत.